फोन वाचता आला पाहिजे

वय झाले की कानांची पहिली हार बहुधा टेलिफोनवर होते. समोर बसलेल्या माणसाचे बोलणे निम्मे ऐकू आले तरी उरलेले निम्मे त्याच्या ओठांवरून, चेहऱ्यावरून, हातवाऱ्यांवरून भरून काढता येते. फोनवर यातले काहीच हाताशी नसते. म्हणूनच घरातल्या गप्पांत बऱ्यापैकी सामील होणारे आजोबा फोन वाजला की तो नातवाकडे सरकवतात. घरच्यांनाही त्यात काही वावगे वाटत नाही. ‘त्यांना ऐकू येत नाही, काय ते मला सांगा’ असे म्हणून फोन घेतला जातो आणि काम होऊन जाते. पण बँक, दवाखाना, पेन्शन कार्यालय, परगावी दिलेली मुलगी यांच्याशी त्या माणसाचा असलेला थेट संबंध तिथेच तुटतो. पुढे त्याचे सगळे व्यवहार दुसऱ्याच्या तोंडून होऊ लागतात. ही म्हातारपणाची अटळ गोष्ट आहे असे आपण धरून चाललो आहोत. प्रत्यक्षात ती अटळ नाही. तिच्यावरचा एक उपाय जगात वीस वर्षांहून अधिक काळ वापरात आहे. तो पालघर, बोईसर, तारापूरच्या ज्येष्ठांपर्यंत पोचलेला नाही, कारण आपण त्याला सरकारने द्यायची सेवा न मानता घरातल्यांनी भागवायची अडचण मानले.

हा उपाय म्हणजे कॅप्शन टेलिफोन. टीव्हीवरच्या सिनेमाखाली सबटायटल येतात, तसे समोरच्याचे बोलणे फोनच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत उमटते. ऐकणारा माणूस आवाजही ऐकतो आणि अक्षरेही वाचतो. उत्तर मात्र स्वतःच्या आवाजात, नेहमीसारखे बोलून देतो. अमेरिकेत हे सुरू झाले तेव्हाची रचना समजून घेण्याजोगी आहे. फोन लागला की समोरच्याचा आवाज एका केंद्राकडेही जाई. तिथे बसलेली व्यक्ती कानावर पडलेले प्रत्येक वाक्य स्वतःच्या स्पष्ट आवाजात पुन्हा उच्चारी. तिच्या आवाजाची सवय असलेला संगणक ते अक्षरांत उतरवी आणि दोन-चार सेकंदांत मजकूर वृद्धाच्या पडद्यावर येई. मशीनने शब्द चुकवला तर ती व्यक्ती तो दुरुस्त करी. आपल्याकडे परीक्षेत अंध विद्यार्थ्यासाठी लेखनिक बसतो. तसाच हा टेलिफोनवरचा लेखनिक. समजा, दवाखान्यातून फोन आला: ‘आजोबा, सकाळची शुगरची गोळी बंद करा, रात्रीची चालू ठेवा.’ कानावर ‘गोळी’ आणि ‘चालू ठेवा’ एवढेच पडते. पडद्यावर मात्र ओळ सावकाश पुरी होते, ‘सकाळची’ आणि ‘बंद’ हे शब्द डोळ्यांसमोर थांबतात, आणि आजोबा विचारू शकतात, ‘म्हणजे उद्या सकाळपासून घ्यायची नाही ना?’ हा प्रश्न त्यांनी स्वतः विचारला, कोणाकरवी विचारवला नाही, हे या सेवेचे खरे मोल आहे.

फोनवरच एवढी अडचण का होते, याचे कारण कानाच्या आणि तारेच्या रचनेत आहे. वयोमानाने होणाऱ्या बहिरेपणात उंच पट्टीचे ध्वनी आधी जातात. स्वरांना जोर असतो आणि ते खालच्या पट्टीत असतात, म्हणून ते ऐकू येत राहतात. स, श, फ, ठ अशी नाजूक व्यंजने विरून जातात. म्हणूनच वृद्ध माणसे म्हणतात की आवाज येतो, पण शब्द लागत नाहीत. त्यात जुन्या पद्धतीचा टेलिफोन सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे पाठवतो, तर ‘स’ या ध्वनीचा बराचसा जोर ४००० हर्ट्झच्या वर असतो. आधीच थकलेल्या कानाला जे थोडेफार मिळाले असते, ते वाटेतच गळते. ‘साठ हजार’मधला स गेला की ‘आठ हजार’ उरतात. रक्कम, गोळ्यांची संख्या, गाडीची वेळ, ओटीपी, म्हणजे ज्यात चूक परवडत नाही नेमके तेच फोनवर आधी बिघडते. फोर-जीवरच्या व्हीओएलटीई कॉलमध्ये आवाजाचा पट्टा रुंद असतो आणि त्याने थोडा फरक पडतो. पण साध्या बटणांच्या जुन्या फोनवर किंवा टू-जीवर तो लाभ मिळत नाही, आणि कानाच्या आतल्या ज्या सूक्ष्म केशपेशी एकदा मेल्या त्या माणसात पुन्हा उगवत नाहीत.

पालघर जिल्ह्याच्या किनारपट्टीवर या वयपरत्वे येणाऱ्या बहिरेपणाला गोंगाटाची जोड मिळालेली आहे. तारापूर एमआयडीसीत रसायने आणि औषधांबरोबर कापड आणि पोलादाचेही कारखाने आहेत. यंत्रमाग, रोलिंग मिल, कॉम्प्रेसर, ब्लोअर यांच्याजवळ आवाज सहज ९० डेसिबलच्या वर जातो. कारखान्यांच्या नियमांनी आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबल ही मर्यादा ठरवलेली आहे. कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत गोंगाटाने येणारा बहिरेपणा हा अधिसूचित आजार म्हणून नोंदला गेला आणि राज्य कामगार विमा कायद्यातही त्याला व्यवसायजन्य आजाराचे स्थान मिळाले. म्हणजे हे नुकसान कामामुळे होते, हे कायद्याने मान्य केलेले आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत इथे रुजू झालेले कामगार आज साठी-सत्तरीत आहेत. कानांत कापूस कोंबून किंवा तोही न कोंबता त्यांनी पाळ्या केल्या. सातपाटी, मुरबे, दांडी, नवापूरच्या तांडेल-खलाशांची गोष्ट फार वेगळी नाही. बोटीच्या डिझेल इंजिनाशेजारी त्यांचे दिवसच्या दिवस जातात. गोंगाटाने येणारा बहिरेपणा साधारण ४००० हर्ट्झच्या आसपास आधी खड्डा पाडतो, म्हणजे जिथे म्हातारपणही हात घालणार असते तिथेच. या दोन्ही गोष्टी एका माणसात एकत्र आल्या की फोन त्याच्यासाठी वेळेआधीच मुका होतो.

आकडे पाहिले तर हा काही मोजक्या लोकांचा प्रश्न नाही, हे लगेच कळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या श्रवणविषयक अहवालानुसार साठीपुढच्या ६५ टक्क्यांहून अधिक लोकांना काही ना काही प्रमाणात कमी ऐकू येते, आणि सुमारे चौघांपैकी एकाला उपचारांची वा साधनांची गरज पडेल इतके कमी येते. संघटना ही गरज चांगल्या कानात ३५ डेसिबलहून अधिक घट झाली की धरते. आपला २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा मात्र ‘ऐकू कमी येणारा’ म्हणून त्यालाच धरतो ज्याच्या दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलची घट आहे. ७० च्या पुढे तो ‘बहिरा’. या दोन रेषांच्या मधे, ३५ ते ६० डेसिबलच्या पट्ट्यात, असंख्य वृद्ध सापडतात. साधे संभाषण ६० डेसिबलच्या आसपास चालते. ज्याच्या कानाचा उंबरठा ५० वर गेला आहे त्याला फोनवरचे बोलणे कळत नाही, पण कायद्याच्या लेखी त्याला काहीच झालेले नाही. त्याच्याकडे ना प्रमाणपत्र, ना सवलत, ना कसली मागणी करण्याचा आधार. याच कायद्याच्या ४२ व्या कलमात इलेक्ट्रॉनिक माध्यमांसाठी कॅप्शनचा उल्लेख आहे. दोन माणसांच्या टेलिफोनवरील संभाषणाचा नाही. बातम्या वाचायला मिळाव्यात आणि मुलीचा फोन वाचायला मिळू नये, ही तफावत कोणी ठरवून केलेली नसेल, पण ती आहे.

इतर देशांनी हा प्रश्न दूरसंचाराच्या कायद्यात बसवला. अमेरिकेत १९९० च्या दिव्यांग कायद्याने टेलिफोन कंपन्यांवर बंधन घातले की १९९३ पर्यंत देशभर ‘रिले’ सेवा, म्हणजे मध्यस्थामार्फत संभाषणाची सोय, हवीच. त्याआधी १९६४ मध्ये रॉबर्ट वाइटब्रेख्ट या कर्णबधिर भौतिकशास्त्रज्ञाने टेलिप्रिंटर टेलिफोनला जोडण्याची युक्ती काढली होती. पण तीत दोन्ही बाजूंनी टंकावे लागे. आयुष्यभर बोलत आलेल्या आणि साठीनंतर कान गेलेल्या माणसाला टंकायचे नव्हते, बोलायचेच होते. त्याच्यासाठी कॅप्शन टेलिफोन आला, आणि २००३ मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाने त्याला रिले सेवेत अधिकृत जागा दिली. २००७ मध्ये इंटरनेटवरून चालणाऱ्या प्रकाराला आणि २०१८ मध्ये माणसाविना, केवळ संगणकाने उतरवलेल्या कॅप्शनला मान्यता मिळाली. खर्च दूरसंचार कंपन्यांच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या निधीतून भागतो; वापरणाऱ्याला कॅप्शनचे वेगळे पैसे पडत नाहीत. जपानने २०२० मध्ये कायदा केला, जुलै २०२१ पासून सार्वजनिक रिले सेवा सुरू केली आणि २०२५ च्या आरंभी तिला कॅप्शन फोनची जोड दिली. त्यासाठी प्रत्येक फोन क्रमांकामागे आकारली जाणारी रक्कम महिन्याला एखाद्या येनच्या घरात आहे. सगळ्यांनी चिमूटभर द्यायचे आणि ज्याला गरज पडेल त्याने वापरायचे, हे तत्त्व या दोन्ही देशांत सारखे आहे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप सरळ आहे: कानाचे मशीन द्या, बाकी कशाला हवे? मशीन दिलेच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून गरजू ज्येष्ठांना इतर साधनांबरोबर श्रवणयंत्र देते. महाराष्ट्राची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ मध्ये आली. तीत ६५ वर्षांवरील, वार्षिक दोन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना साधनांसाठी एकरकमी ३,००० रुपये मिळतात. पण त्याच रकमेत चष्मा, काठी, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा हे सगळे येते, आणि चांगले डिजिटल श्रवणयंत्र एका कानासाठीही याच्या कितीतरी पट महाग असते. पैशांचा प्रश्न सुटला तरी मशीन आवाज मोठा करते. हरवलेली स्पष्टता पूर्णपणे परत आणत नाही. फोन मशीनजवळ धरला की शिट्टी वाजते. ज्या मशीनमध्ये फोनसाठीची टी-कॉइल किंवा ब्लूटूथ असते ते अधिक महाग, आणि ते वापरायला कोणीतरी शिकवावे लागते. मशीन आणि कॅप्शन या एकमेकांना पूरक गोष्टी आहेत. अमेरिकेतली सेवाही आवाज आणि अक्षरे एकत्रच देते, कारण कानाला थोडे मिळाले आणि डोळ्याला थोडे मिळाले की अर्थ पुरा होतो.

दुसरा आक्षेप तरुण मंडळींकडून येतो: व्हॉट्सअॅप आहे, व्हिडिओ कॉल आहे, मेसेज करा. मुलगा-सून हे करतीलही. पण बँकेचा फोन, रुग्णालयातून तपासणीचा अहवाल सांगणारा फोन, गॅस एजन्सीचा, ग्रामपंचायतीचा, विमा कंपनीचा फोन हे आवाजानेच येतात आणि ते कसे यावेत हे वृद्ध माणूस ठरवत नाही. टंकण्याचे म्हणाल तर कापऱ्या बोटांनी जोडाक्षरे शोधण्यापेक्षा बोलणे कितीतरी सोपे, आणि बोलता येत असताना त्याला टंकायला का लावावे? यात सुरक्षिततेचाही भाग आहे. फोनवर पोलीस असल्याची बतावणी करणारी ‘डिजिटल अरेस्ट’सारखी फसवणूक घाई आणि गोंधळ यांवरच चालते. नीट ऐकू न आलेल्या माणसाला धमकावणे सोपे जाते. तो ‘हो, हो’ म्हणत राहतो. तेच बोलणे अक्षरांत समोर आले तर वाचायला दोन क्षण मिळतात आणि शेजारच्याला दाखवताही येते. कॅप्शनने फसवणूक थांबेल असे नाही. पण १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करताना समोरचा काय म्हणाला होता हे निदान आठवून सांगता येईल. आणि ११२ किंवा १०८ वर फोन लागल्यावर पलीकडून ‘पत्ता सांगा, श्वास चालू आहे का’ असे विचारले जाते तेव्हा ते ऐकू येणे हा जीवनमरणाचा प्रश्न असतो. ज्या भागात १९६९ पासून अणुवीज केंद्र आहे, जिथे जानेवारी २०२० मध्ये रासायनिक कारखान्यातल्या स्फोटाने गावे हादरली आणि जिथे डहाणू-तलासरी पट्ट्यात नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाच्या धक्क्यांची मालिका अनुभवली गेली, तिथे ही काळजी काल्पनिक नाही. दूरसंचार विभागाने २०२३ मध्ये मोबाइलवर एकाच वेळी लेखी इशारा धाडणाऱ्या सेल ब्रॉडकास्ट यंत्रणेच्या चाचण्या घेतल्या. भोंगा ऐकू न येणाऱ्यालाही तो इशारा वाचता येतो. संकटाची सूचना लेखी देता येते हे सरकारने मान्य केले आहे. रोजच्या संभाषणाबाबत तेच मान्य करायचे राहिले आहे.

तिसरा आक्षेप सगळ्यांत गंभीर आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांचे काय? जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या पाड्यांवरच नव्हे, किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांतही सत्तरीच्या पुढच्या कितीतरी स्त्रियांना शाळेचे तोंड पाहायला मिळालेले नाही. कितीतरी जणांना मोतीबिंदूमुळे अक्षरे दिसत नाहीत. त्यांच्यासाठी कॅप्शन हे उत्तर नाही, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. त्यांना आवाज मोठा करणारे फोन, चांगली श्रवणयंत्रे, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आणि तेच वाक्य हळू, स्पष्ट करून पुन्हा सांगणारा माणूस हवा. लेखनिकांचे केंद्र उभे राहिले तर हे शेवटचे कामही तेच केंद्र करू शकेल, कारण वाक्य ऐकून ते स्पष्ट उच्चारणे हेच तिथले मूळ काम आहे. पण कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर, शाळेतल्या निवृत्त बाई, केळवे-माहीमचे बागायतदार, टपाल खात्यात नोकरी केलेले काका यांना वाचता येते. सर्वांना उपयोगी नाही म्हणून ज्यांना उपयोगी आहे त्यांनाही देऊ नये, हा न्याय आपण चष्म्याच्या बाबतीत लावत नाही.

चौथा आक्षेप काळाला धरून आहे: आता फोनमधली कृत्रिम बुद्धिमत्ता हे फुकट करते, मग सरकारी सेवा कशाला? यात तथ्य आहे आणि त्याचा फायदा आजच घ्यावा. गुगलचे लाइव्ह ट्रान्स्क्राइब हे २०१९ मध्ये आलेले अॅप मराठी ओळखते. अँड्रॉइड फोनवर कॉल चालू असताना दुसऱ्या अॅपला सहसा माइक मिळत नाही, म्हणून एका फोनवर कॉल स्पीकरवर ठेवायचा आणि शेजारी दुसऱ्या फोनवर हे अॅप मराठीत लावून ठेवायचे. शांत खोलीत बरेचसे बोलणे अक्षरांत उतरते. पण त्यासाठी दोन फोन, इंटरनेट आणि मांडामांड करून देणारे कोणीतरी लागते. मशीनने शिकलेली मराठी बहुतांशी प्रमाण मराठी आहे. इथल्या घरांत मात्र वाडवळी, मांगेली, वारली, कोकणा बोलली जाते, बोईसरच्या बाजारात हिंदी, गुजराती आणि मराठी एकाच वाक्यात येतात, आणि डॉक्टरांच्या बोलण्यात निम्मे शब्द इंग्रजी असतात. इथेच माणसाची गरज पडते. मांगेली समजणारी स्थानिक लेखनिक सातपाटीच्या आत्याचे बोलणे ऐकून मशीनला समजेल अशा शब्दांत उच्चारू शकते. मशीनला मांगेली येईपर्यंत थांबावे लागत नाही. शिवाय कंपनीचे फुकट अॅप हा कोणाचा हक्क नसतो; ते उद्या बंद झाले तर दाद मागायला जागा नाही. सरकारी पाठबळ असलेली सेवासुद्धा नीट न बांधल्यास कशी हिरावली जाते हे ऑस्ट्रेलियात दिसले. तिथे २०२० च्या सुरुवातीला कंत्राट बदलले आणि कॅप्शन दाखवणाऱ्या हँडसेटची सेवा थांबली. त्या यंत्राची सवय झालेल्या वृद्धांना दुसरे पर्याय शोधावे लागले. म्हणून सेवा एका कंपनीच्या एका यंत्राला बांधलेली नसावी, आणि ती चालू ठेवण्याचे बंधन कायद्यात असावे.

खासगीपणाचा आक्षेप टाळता येणार नाही. माझे बोलणे तिऱ्हाइताने का ऐकावे? अमेरिकेच्या नियमांत लेखनिकाला संभाषणातले काहीही बाहेर सांगायला आणि कॉल संपल्यावर मजकूर जवळ ठेवायला मनाई आहे. आपल्याकडेही हाच नियम, दंडासह, हवा. आवाज वा मजकूर केंद्रात साठवताच येऊ नये अशी यंत्रणेची रचनाच हवी. पण तुलना कशाशी करायची हेही पाहिले पाहिजे. आज त्या वृद्धाचे प्रत्येक खासगी बोलणे मुलगा, सून किंवा नातू ऐकतोच. आजार, कर्ज, जमिनीचा वाद, मुलीच्या सासरचे दुखणे हे घरातल्या दुसऱ्या माणसाच्या कानावर न घालता बोलण्याची मुभा त्याला उरलेलीच नाही. ओळख नसलेला, गुप्ततेने बांधलेला लेखनिक हा घरातल्या माणसापेक्षा अधिक खासगीपणा देतो.

उरला खर्च आणि प्राधान्य. ज्या जिल्ह्यात कुपोषण आणि उन्हाळ्यातली पाणीटंचाई आहे तिथे हे लाड कशाला, असे विचारले जाईल. उत्तर असे की हा पैसा पोषण आहाराच्या किंवा नळयोजनेच्या ताटातला नाही. दूरसंचार कंपन्या आपल्या समायोजित सकल महसुलाचे ५ टक्के सार्वत्रिक सेवेसाठी सरकारकडे भरतात. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्या निधीला ‘डिजिटल भारत निधी’ असे नाव दिले, आणि ऑगस्ट २०२४ च्या नियमांत महिला, दिव्यांग आणि दुर्बल घटकांना दूरसंचार सेवा पोचवणे हा त्याचा एक हेतू म्हणून नोंदवला गेला. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हे घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग मानले. हेतू लिहिलेला आहे, पैसा जमतो आहे, न्यायालयाने दिशा दाखवली आहे. योजना तेवढी आखायची आहे. गैरवापराची भीती खरी आहे. अमेरिकेत गरज नसलेल्यांना यंत्रे वाटून निधीतून पैसे उकळले जाऊ नयेत म्हणून २०१३ मध्ये ग्राहक आणून देणाऱ्यांना बक्षिसे देण्यावर बंदी घालावी लागली. त्यातून शिकून पहिल्या दिवसापासून ऑडिओमेट्रीचा, म्हणजे श्रवणचाचणीचा, अहवाल मागावा, कंपनीला वाटलेल्या यंत्रांवर पैसे न देता अचूकतेवर द्यावेत, आणि पात्रतेची रेषा ६० ऐवजी ३५ डेसिबलवर ठेवावी.

कमी ऐकू येणे आणि स्मृतिभ्रंश यांच्या संबंधाचा मुद्दा मी मुद्दाम शेवटी घेतो, कारण या मागणीचा भार मी त्याच्यावर टाकत नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालाने टाळता येण्याजोग्या धोक्यांत श्रवणदोषाला अग्रस्थानी ठेवले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत, ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांत, कानांवरच्या उपचारांनी सर्वांच्या बौद्धिक घसरणीत फरक पडलेला दिसला नाही. आधीच जास्त धोका असलेल्या गटात मात्र ती तीन वर्षांत ४८ टक्क्यांनी मंदावली. ही आशा आहे, हमी नाही. कॅप्शन फोनने स्मृती टिकेल असे सांगून तो मागणे अप्रामाणिक ठरेल. तो मागायचा तो एवढ्यासाठी की ज्याचा फोन आहे त्याला त्यावरचे बोलणे कळावे.

सुरुवात करायला बोईसर-पालघरइतकी योग्य जागा कमी असेल. गोंगाटात आयुष्य काढलेले निवृत्त कामगार इथे एकवटलेले आहेत. रेल्वेच्या पट्ट्यात मोबाइलचे जाळे आहे. चार-पाच बोलींमुळे सेवेची खरी कसोटी इथेच लागेल. जे इथे चालेल ते राज्यात कुठेही चालेल. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे, म्हणजे ऑडिओलॉजिस्ट आणि प्रशिक्षण देणारे पश्चिम रेल्वेच्या एकाच मार्गावर आहेत. मराठी बोलणे अक्षरांत उतरवण्याचे काम २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘भाषिणी’ प्रकल्पात चालू आहे. त्याची जोड घ्यावी आणि चुका सुधारायला वाडवळी, मांगेली, वारली जाणणाऱ्या स्थानिक पदवीधर मुलामुलींना लेखनिक म्हणून नेमावे. कोणत्याही कंपनीच्या फोनवरून आधी एक ठरावीक क्रमांक लावला की सेवा जोडली जावी. पडदा मोबाइलचा असेल किंवा टेबलावरच्या मोठ्या संचाचा. सेवेचा दर्जा मोजताना सरासरी अचूकतेवर समाधान मानू नये. आकडे, नावे आणि ‘नाही’, ‘नको’, ‘बंद’ हे शब्द किती वेळा बरोबर आले ते वेगळे मोजून जाहीर करावे, कारण ‘गोळी घेऊ नका’मधला शेवटचा शब्द चुकला तर बाकीचे वाक्य बरोबर येऊन उपयोग नाही. आणि तारापूरच्या कारखान्यांनी निवृत्त होणाऱ्या प्रत्येकाच्या हाती ग्रॅच्युइटीच्या कागदांबरोबर त्याच्या कानांचा तपासणी अहवाल द्यावा.

हे सगळे दिल्लीतून आपोआप उतरणार नाही. गावोगावच्या ज्येष्ठ नागरिक संघांनी पुढच्या मासिक सभेत ठराव करावा, तो फेस्कॉम या आपल्या महासंघाकडे, खासदारांकडे आणि दूरसंचार विभागाकडे पाठवावा, आणि डिजिटल भारत निधीतून मराठी कॅप्शन सेवेचा पथदर्शी प्रकल्प पालघर जिल्ह्यात मागावा. तोवर घरातल्यांनी एवढे करावे: वृद्धांच्या हातातला फोन काढून घेऊ नये. जवळ दुसरा फोन ठेवून बोलणे अक्षरांत दाखवावे, आणि पलीकडच्याला ‘सावकाश बोला, ते वाचून उत्तर देतायत’ असे सांगावे. आजोबा दर महिन्याला रिचार्जचे पैसे इतरांइतकेच भरतात आणि सार्वत्रिक सेवेचा निधी त्याच पैशांतून भरला जातो. त्यांना फोनवरचे बोलणे पुरते कळावे, हे त्यांचे घेणे आहे आणि ते सरकारने चुकते केले पाहिजे.